कातणखात्याचा स्वच्छ दाखला

पुएर्तो मोलिनो,
१७ मार्च १९५७

चि. दार्दोस ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, म्हणजे तू अजून आहेस हे कळलं. इतके दिवस चार ओळी नाहीत, तेव्हा मी मिर्ताला म्हटलं होतं की आपल्या भाऊरायांना राजधानीत एखादी नर्स भेटली असणार आणि बहिणींची नावंसुद्धा विसरली असणार. असो. आम्ही दोघी मजेत आहोत.

मोठी बातमी अशी की पुढच्या महिन्यात तुमच्या दवाखान्याची एक्स-रेची गाडी आमच्या गिरणीत येते आहे. ती काही आपोआप येत नाही. युनियनच्या आरोग्य समितीवर कातणखात्याची बाई म्हणून मी आहे, आणि मॅनेजरसाहेबांच्या मागे हात धुऊन लागले ती मीच. विणकामखात्यातली दोन माणसं गेल्या वर्षात क्षयाने गेली, तरी यांचं आपलं एकच, की बाई, साचे बंद ठेवणं परवडत नाही. मी म्हटलं, साहेब, माणसं बंद पडलेली परवडतात का? बिचारे चष्मा पुसत बसले.

दुसरं येर्बाच्या कढत काढ्याचं. आमच्या खात्यात दुपारच्या सुट्टीत एकच तुंबा आणि एकच नळी सगळ्या बायकांत फिरते, हे तुला माहीत आहे. ते मी बंद पाडलंय. जिने तिने आपला तुंबा आणावा, आपल्या नळीने प्यावं. आठवडाभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. आपल्याकडे पुढे केलेला तुंबा परतवणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं. एर्सिलियाबाई तर सरळ म्हणाल्या, की इतकी वर्षं सगळ्या एका नळीने प्यायलो, आताच बरा नेलिदाला आमच्या तोंडांचा वास यायला लागला. त्यांची मुलगी सुल्मा माझ्या शेजारच्याच साच्यावर असते, तिने माझं नाव डॉक्टरीणबाई ठेवलंय. मी खात्यात शिरले की ती छाती उघडी करायचं नाटक करते आणि खोल श्वास घेते. गुणाची आहे, पण जीभ फार.

मिर्ताचं लग्न नोव्हेंबरात नक्की. आल्सिदेस भला मुलगा, टपालकचेरीत चिकटलेला. त्याची आई मात्र आपल्याकडे जेवायला आली की चमचा रुमालाने दोनदा पुसून घेते. मिर्ता सध्या थोडी खोकते. तीही आमच्याच खात्यात, लोकरीची कूस घशात जाते, दुसरं काय. धागा कोरडा पडून तुटतो म्हणून आमच्या खात्याच्या खिडक्या उघडू देत नाहीत, हे तुला सांगायला नको.

थंडीच्या आधी लोकरीची बंडी पाठवते. घालत जा, गाठोड्यात ठेवू नकोस.

तुझी,
नेलिदाताई


माँतेविदेओ,
२९ मार्च १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंचा विजय असो. सुल्माला माझा नमस्कार सांग, तिने नाव अगदी मापाचं शिवलंय. लहानपणी तू मला कान धरून हात धुवायला लावायचीस, तेव्हाच हे पद तुला मिळायला हवं होतं.

नर्स वगैरे काही नाही. मला अंधाऱ्या खोलीत बढती मिळाली आहे. म्हणजे फोटोंची रीळं धुवायची, वाळवायची आणि डॉक्टरसाहेबांच्या पुढ्यात ठेवायची. या कामात नर्सला माझं तोंडही दिसत नाही. तुमच्या गिरणीचं रीळ माझ्याच हातून जाणार, तेव्हा जरा ताठ उभ्या राहा.

ताई, आता एक गोष्ट थट्टा सोडून. मिर्ता कधीपासून खोकते आहे? संध्याकाळी अंग गरम लागतं का? आईच्या वेळीही सगळा हिवाळा आपण कूसच म्हणत होतो. गाडी येईल तेव्हा मिर्ताला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी कर. तू समितीवर आहेस, तुला कोण अडवणार?

बंडी आली की घालेन. तळलेल्या पुऱ्यांची फार आठवण येते, पण त्या टपालाने येत नाहीत.

तुझा,
दार्दो


पुएर्तो मोलिनो,
१२ मे १९५७

चि. दार्दोस अ. उ. आ.

गाडी आली आणि गेली. कातणखात्यातली एक बाई सुटली नाही. समितीची म्हणून मी स्वतः पायरीशी उभी राहून नावं पुकारली. वयस्कर बायका पोलक्याची बटणं सोडायला लाजत होत्या, त्यांना आधी चुचकारलं, मग दरडावलं. मिर्ताचाही फोटो झाला.

काल निकाल आला. विणकामखात्यातल्या एका माणसाला पुढच्या तपासणीला बोलावलं आहे. आमच्या खात्याला मात्र स्वच्छ असल्याचा दाखला मिळाला, सही-शिक्क्यानिशी. मुकादमाने तो काचेत बसवून दाराशेजारी टांगला. मॅनेजरसाहेबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

आणि त्याच दुपारी एर्सिलियाबाईंनी जुना मोठा तुंबा बाहेर काढला. म्हणाल्या, आता खुद्द सरकार सांगतंय आमची तोंडं स्वच्छ आहेत म्हणून, आता काय म्हणणं आहे नेलिदाचं? सगळ्या हसल्या. मी आधी नको म्हटलं. पण कशासाठी नको, हे सांगता आलं पाहिजे ना? नवरी मुलगी म्हणून त्यांनी मिर्ताला ओतायला बसवलं. पहिला तुंबा कडू असतो, तो ओतणारीनेच प्यायचा, ही रीत तुला ठाऊक आहे. तेव्हा आधी मिर्ता, मग सुल्मा, मग एर्सिलियाबाई, असा तो फिरत माझ्यापर्यंत आला. मीही घेतला.

तू प्रत्येक पत्रात मिर्ताच्या खोकल्याचं विचारू नकोस. ती वाचते आणि उगीच मनाला लावून घेते. लग्नघरात असले विषय नकोत. इथे सगळं ठीक आहे.

ताई


माँतेविदेओ,
२० मे १९५७

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीच वाच.

तुमचं रीळ मी धुतलं, वाळत घातलं आणि ओळीने पाहत गेलो. मला वाचता येत नाही ते, माझं काम फक्त फोटो डागाळला नाही ना एवढं बघायचं. तुझं नाव आलं तिथे थांबलो. तुझ्या डाव्या खांद्याचं हाड मी कुठेही ओळखेन. गवताच्या गाडीवरून मी तुला ढकललं होतं, काकांनी ते हाड घरीच बसवलं आणि ते वाकडंच जुळलं. मला बरं वाटलं, आपल्या माणसाचा चेहरा दिसावा तसं. मग पुढे गेलो, आणि रिळाच्या शेवटी तेच वाकडं हाड पुन्हा आलं. खाली मिर्ताचं नाव होतं.

डॉक्टरसाहेबांनी दोन्ही फोटो पाहिले. दोन्ही छात्या स्वच्छ. त्यांनी सही केली. छाती एकाच बाईची आहे हे त्यांना कसं कळावं?

आता माझं ऐक. मी तुला दोष द्यायला बसलेलो नाही, कारण दाखला निघायच्या आधीच मला हे कळलं होतं. मी दार उघडून एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, यात घोटाळा आहे. मी रीळ गुंडाळून डब्यात ठेवलं. मनाला सांगितलं की ताईने काहीतरी विचार केला असेल, ती मिर्ताला हळूच इकडे पाठवील. मग तुझं पत्र आलं, तुंब्याचं. ते वाचल्यापासून मी खानावळीत सगळ्यांच्या पंगतीला बसत नाही. मला लाज वाटते.

आणखी एक. इथले डॉक्टर म्हणतात की नळीची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती खोकल्याची. बंद खोलीत, मिटलेल्या खिडक्यांत, रोज शेजारी खोकणारं माणूस. तेव्हा तू तुंबा बंद केलास तरी काम अर्धंच होणार. मिर्ताला त्या खात्यातून काढायला हवं. काहीही निमित्त कर, पण तिला पाठव. मी बसथांब्यावर येतो.

दार्दो


पुएर्तो मोलिनो,
२ जून १९५७

चि. दार्दोस अ. आ.

मिर्ता शनिवारच्या बसने निघते आहे. लोकांना सांगितलंय की लग्नाचे कपडे शिवायला राजधानीत मावसबहिणीकडे चालली. असली मावसबहीण आपल्याला नाही, हे इथे कोणाला ठाऊक?

तू विचारलं नाहीस, पण सांगते. एप्रिलमध्ये तिच्या रुमालावर रक्त दिसलं. मी तो धुतला, वाळवला, इस्त्री करून तिच्या कपाटात ठेवला, आणि तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. पहिल्या प्रथम माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? आईची गादी. भर रस्त्यात जाळली होती शेजाऱ्यांनी, आणि आपण तिघं खिडकीतून बघत होतो. तू लहान होतास, पण शाळेत तुझ्या बाकावर कोणी बसत नसे हे तुला आठवत असेल. आपल्या घरचं पाणी कोणी प्यायलं नाही कितीतरी दिवस. मी ठरवलं होतं की या घरावर ते पुन्हा येऊ द्यायचं नाही. आल्सिदेसच्या आईने तर हे ऐकताच लग्न मोडलं असतं. आणि फोटोत डाग निघालेल्या बाईला गिरणी बरी झाल्यावर परत घेते, असं म्हणतात खरं, पण घेतलेली मी अजून पाहिली नाही.

सकाळी मी माझ्या नावाने गाडीत चढले. जेवणाच्या सुट्टीनंतर गाडीतला कारकून बदलला, तेव्हा मिर्ताचा रुमाल डोक्याला बांधून तिच्या नावाने चढले. मिर्ता रडत होती, ताई काहीतरी कर म्हणत होती. मला दुसरं सुचलं नाही.

इतरांच्या नळ्या मोजत फिरणारी मी, मीच हे केलं. दाराशेजारच्या त्या दाखल्याखालून रोज जावं लागतं. मी मान खाली घालून जाते, आणि लोकांना वाटतं नेलिदा विनयाने वागते आहे. तुंबा आता सुल्मा ओतते. मी पोटात दुखतं म्हणून सांगते आणि घेत नाही.

कोणाला काही बोलू नकोस. मिर्ता गेली की खात्यात आता भय नाही. एवढं माझ्यासाठी कर.

ताई


माँतेविदेओ, सॅनेटोरियम,
२५ ऑगस्ट १९५७

ती. ताईस सा. न.

मी पत्र लिहीत नाही म्हणून तू दार्दोकडे तक्रार केलीस. हे घे.

माझी तब्येत सुधारते आहे. इंजेक्शनं टोचून टोचून बसवत नाही, आणि गोळ्यांनी तोंड कडू झालंय, पण ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, लवकर आली असती तर अर्ध्या औषधात भागलं असतं. आल्सिदेसला मी खरं काय ते लिहून टाकलं. तो पुढच्याच रविवारी संत्र्यांची पिशवी घेऊन आला. आईशी भांडून आलो म्हणाला, आणि व्हरांड्यात तासभर टोपी फिरवत बसला. लग्नाचं काय ते बरी झाल्यावर. ज्याला तू इतकी घाबरलीस ते हे असं झालं.

दार्दोने तुझं जूनचं पत्र मला वाचायला दिलं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच हट्ट केला. ताई, मी रडत नव्हते. मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोघीच राहिल्या होत्या, आणि तू मला समितीच्या खोलीतून कार्डं आणायला पिटाळलंस. तिथे कार्डं नव्हती. परत आले तर तू म्हणालीस, तुझं झालंय, आता तोंडातून शब्द काढायचा नाही. साच्याशी काढून ठेवलेला माझा डोक्याचा रुमाल तुझ्या खिशात होता. मी तुला काहीतरी कर असं म्हटलं नव्हतं. मला फोटो काढून घ्यायचा होता.

पण पुढचं माझं आहे, ते मी तुझ्यावर टाकत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी गप्प बसले आणि रोज पहिला तुंबा पिऊन सुल्माच्या हातात दिला. ती घ्यायची आणि मला नवरीबाई म्हणून डोळा मारायची.

आल्सिदेस सांगत होता की सुल्मा अंथरुणाला खिळली आहे. संध्याकाळी ताप आणि कुशीत दुखणं. गावचे डॉक्टर न्युमोनिया म्हणतात, कारण कातणखात्याला क्षय नाही असा कागद आहे ना. ताई, तिला चुकीचं औषध चाललंय. आणि खात्यातल्या बाकीच्यांचं काय?

तू आता सांगायचंस. एवढ्या आठवड्यात सांगितलं नाहीस तर एर्सिलियाबाईंना मी लिहीन. पण ते तू सांगावंस असं मला वाटतं, अजूनही.

मिर्ता


पुएर्तो मोलिनो,
६ ऑक्टोबर १९५७

चि. मिर्ता आणि चि. दार्दो यांस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं लिहिते.

मिर्ता, तुझं खरं आहे. तू रडत नव्हतीस. दार्दोला तसं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तू खरंच रडत होतीस, इतकं मी स्वतःला पढवलं होतं. तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच किळस आली.

त्याच दिवशी मी एर्सिलियाबाईंकडे गेले. दारात उभी राहून थंडीबद्दल बोलले, सुल्माला सूप आणलं होतं ते दिलं आणि परत आले. वाटेत मनात आलं की तुंबा मार्चच्या आधीही फिरतच होता, सुल्माला तेव्हाच बाधलं असेल, मग माझा काय दोष? हे निमित्त दोन रात्री मला पुरलं. तिसऱ्या दिवशी पुरेना. जेवणाच्या सुट्टीत मी खात्यात उभी राहिले आणि सांगितलं. भाषण करायची मला सवय आहे, पण हे चार वाक्यांतच संपलं. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने जाऊन काचेतला दाखला उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग सगळ्या आपापला डबा घेऊन अंगणात गेल्या. मी तिथून तडक एर्सिलियाबाईंकडे गेले आणि त्यांनाही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी दार लावलं, जोरात नाही, हळूच.

समितीवरून मला काढलं. साच्यावरूनही काढलं, आता लोकर धुवायच्या शेडमध्ये आहे. मॅनेजरसाहेब पार हाकलायला निघाले होते. युनियनने अडवलं, पण माझ्यासाठी नव्हे. पुढे कोणी खरं बोलायला धजणार नाही म्हणून, असं सेक्रेटरींनी मला तोंडावर सांगितलं. योग्यच सांगितलं. खात्याच्या खिडक्या आता रोज सुट्टीत उघडतात. धागा तुटतो, मुकादम कुरकुरतो, पण उघडतात.

सुल्मा तुमच्याकडे पोचली असेल. मिर्ता, ती तुझ्या जवळच्याच वॉर्डात आहे असं कळतं. तिला भेटायला जा. ती तोंड फिरवील, तरी जा.

गाडी परत आली. आणखी दोघींना डाग निघाले आहेत, पण अगदी सुरुवातीचे. दोघी औषधाने बऱ्या होतील असं गाडीवरचे डॉक्टर म्हणाले. ही बातमी आधी सांगितली, कारण आता सांगते ते फक्त माझं आहे.

माझ्या करणीमुळे या वेळी नवा नियम होता. पायरीवर प्रत्येक बाईची ओळख दुसऱ्या बाईने पटवायची, मगच आत सोडायचं. एकमेकींची नावं सांगत बायका भराभर चढत होत्या. हसतही होत्या. एकीने दुसरीचं नाव म्हणून मुद्दाम मॅनेजरसाहेबांचं सांगितलं. मी धुलाईशेडची म्हणून शेवटी. कारकुनाने विचारलं, या बाईंना कोण ओळखतं?

कोणीच बोललं नाही. जिच्या बाळंतपणाला मी गेले होते ती समोरच उभी होती. जिला मी साचा चालवायला शिकवला तीही. मी चपलांकडे बघत राहिले. कारकुनाने पुन्हा विचारलं आणि घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आता हा मला परत पाठवणार. आणि खरं सांगते, पाठवावं असंच वाटत होतं.

तेवढ्यात मागून एर्सिलियाबाई आल्या. सुल्माला पोचवून त्या आदल्या दिवशीच परतल्या होत्या. पायरीशी येऊन त्या म्हणाल्या, मी ओळखते. कारकुनाने नियमाप्रमाणे विचारलं, नक्की का? त्या म्हणाल्या, नक्की. ही नेलिदा बेंतांकुर. हिची आई गेली तेव्हा हिच्या घरात कोणी पाऊल टाकेना. तिला शेवटची अंघोळ मी घातली. हिला मी ओळखते.

दार्दो, आई गेली त्या दिवशी आपल्याला नदीपलीकडे काकांकडे पाठवलं होतं, गादी जळताना बघितली ती परत आल्यावर. आईला कोणी अंघोळ घातली, हे मी कधी कोणाला विचारलंच नाही. वीस वर्षं मी त्या बाईशेजारी काम केलं आणि याबद्दल त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नाव सांगून निघून गेल्या. मी आत गेले आणि त्या थंड पत्र्याला छाती लावून उभी राहिले. आतल्या माणसाने श्वास रोखायला सांगितलं. तो रोखता येईना, म्हणून फोटो पुन्हा काढावा लागला.

तुमच्याकडे लोभ मागायचा हक्क मी घालवला आहे. तरी मागते.

नेलिदा